पाकिटात न मिळणारे राजे

प्रस्तावना

धान कापणीला येतो तेव्हाच गोंदिया जिल्ह्यात आणखी एक हंगाम उभा राहतो. भाऊबीज झाली की गावोगावी मंडई भरू लागते. दिवसा दंडारीचे लोकनाट्य, रात्रभर नाटक. चुरणे आटोपून पोती घरात येतात तोवर शाळांची स्नेहसंमेलने तोंडावर आलेली असतात. त्यातच ३ जानेवारीला सावित्रीबाई, १२ जानेवारीला जिजाऊ आणि १९ फेब्रुवारीला शिवजयंती. अर्जुनी मोरगावपासून सालेकशापर्यंत घरोघरी शाळेतून एकाच धर्तीचा निरोप येतो: मुलाला अमुक व्हायचे आहे, पोशाख करून पाठवा. निरोप बहुधा उशिराच येतो. मग आई, आजी, मावशी, कधी शिवणकाम येणारे बाबाही, मशीनवरचे झाकण काढतात.

बाजारात तयार पोशाखाचे पाकीट मिळते, हे खरेच. भगवे चकचकीत सॅटिन, छातीवर सोनेरी लेस, पुठ्ठ्याचा जिरेटोप, पाठीला चेन. भाड्यानेही मिळते. ज्या घरात दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत हातांना उसंत नसते, त्या घराने पाकीट आणले तर त्याला नावे ठेवण्याचे काहीच कारण नाही. प्रश्न वेगळा आहे. पाकिटात शिवाजी महाराज असतात, जिजाऊ असतात, झाशीची राणी असते. गोंदियाच्या एखाद्या वर्गातल्या मुलांना मात्र याहून कितीतरी जास्त माणसे व्हायचे असते.

हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. एका बाजूला मध्य प्रदेश, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. इथला पोवार समाज आपली मुळे माळव्यातल्या धारशी जोडतो आणि वसंत पंचमीला राजा भोजाची जयंती साजरी करतो. लोधी समाज १८५७च्या लढ्यातल्या रामगडच्या राणी अवंतीबाईंना मानतो. गोंड घरांमध्ये गढा-मंडलाच्या राणी दुर्गावतीचे नाव आदराने घेतले जाते, आणि १५ नोव्हेंबरला बिरसा मुंडांची जयंती होते. १४ एप्रिलला तर गावेच्या गावे बाबासाहेबांच्या जयंतीत असतात. यांतल्या बहुतेकांचे पाकीट कुठल्या दुकानात टांगलेले दिसत नाही. दुर्गावती व्हायची असेल तर दुकानदार झाशीच्या राणीचे पाकीट पुढे करतो. दोघींच्या मध्ये जवळजवळ तीनशे वर्षांचे अंतर आहे, पण सॅटिनला त्याचे काय!

म्हणून या प्रस्तावनेचे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकलेले बरे. ऐतिहासिक पोशाख घरी शिवायचा तो पैसे वाचवण्यासाठी नव्हे, किंवा तेवढ्यासाठीच नव्हे. घरी शिवायला बसले की माणूस इतिहासाला असे प्रश्न विचारतो, जे धडा पाठ करताना सुचत नाहीत. बाह्या केवढ्या? बटण होते का? कापड कुठले? डोक्यावर काय? हे प्रश्न आई मुलाला विचारते, मूल शिक्षकांना विचारते, शिक्षक पुस्तक उघडतात. आणि जे राजे, ज्या राण्या बाजाराला परवडत नाहीत, त्या अशा घरातूनच रंगमंचावर येऊ शकतात.

पोशाखाचा हा घरगुती मार्ग पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीला मुळीच नवा नाही. दंडारीत स्त्रीपात्रे पुरुष करत आले. घरातल्याच लुगड्याचा काष्टा घालायचा, घरातल्याच काजळ-कुंकवाने तोंड रंगवायचे आणि ढोलकीपुढे उभे राहायचे. झाडीपट्टीची नाटके आता व्यावसायिक झाली आहेत. शेजारच्या गडचिरोलीतले वडसा हे त्यांचे मोठे केंद्र आहे, आणि २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यावर या रंगभूमीचे नाव सगळ्या देशाने ऐकले. तरीही तिची मुळे गावच्या हौशी मंडळात आहेत, जिथे राजाचा शेला कुणाच्या तरी लग्नातला असायचा. नाटकाची ओढ या मातीत फार जुनी असावी, असे मानायला इथल्या लोकांकडे आणखी एक कारण आहे. संस्कृत नाटककार भवभूतीने आपले गाव विदर्भातले पद्मपूर असल्याचे लिहून ठेवले आहे, आणि ते म्हणजे आमगावजवळचे पदमपूर, असे जिल्ह्यात अभिमानाने सांगितले जाते.

भारतीय चित्रपटाचा आरंभसुद्धा घरातूनच झाला. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहित झाला तो त्यांचाच मुलगा भालचंद्र. सरस्वतीबाई फाळके यांनी सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळला, पात्रांचे कपडे धुतले, फिल्मला भोके पाडण्याचे कामही शिकून घेतले. पुढे १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्ण झाली ती त्यांची मुलगी मंदाकिनी. हे चित्रपट पौराणिक होते, ऐतिहासिक नव्हेत. पण आपल्या लेकराला दुसऱ्याच काळाचे कपडे चढवून लोकांसमोर उभे करणे, आणि संध्याकाळी तेच कपडे धुऊन वाळत घालणे, हे काम एका मराठी घराने शंभर वर्षांपूर्वी केले होते. श्रेयनामावलीत धुणाऱ्या हातांना जागा नसते, म्हणून सरस्वतीबाईंचे नाव इथे मुद्दाम घ्यायचे.

आणि या कलेचे शिखरही मराठीच आहे. गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस जिथे थांबते, त्या कोल्हापुरात १९२९ साली भानू राजोपाध्ये यांचा जन्म झाला. वडील चित्रकार. पुढे भानू अथय्या या नावाने त्यांनी हिंदी चित्रपटांची वेशभूषा केली, आणि रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या ‘गांधी’साठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळवले. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्यांच्या त्या कामातून घरच्या शिवणाऱ्याने एक गोष्ट उचलावी: आधी साल विचारायचे, मग कापड.

गांधीजींचेच पाहा. २ ऑक्टोबरला शाळेत दहा गांधी येतात आणि दहाही पंचा नेसलेले असतात. पण १८९३ साली दक्षिण आफ्रिकेला गेलेला तरुण बॅरिस्टर सुटाबुटात होता. जानेवारी १९१५मध्ये मुंबई बंदरात उतरले तेव्हा त्यांच्या अंगावर काठियावाडी पोशाख आणि डोक्याला फेटा होता. गुडघ्यापर्यंतचा पंचा आला तो सप्टेंबर १९२१मध्ये, मदुराईत. म्हणजे एकाच माणसाचे तीन पोशाख, आणि प्रत्येक बदलामागे एक निर्णय. एका वर्गातली तीन मुले हे तीन गांधी होऊन शेजारी उभी राहिली, तर वेगळ्या भाषणाची गरजच पडणार नाही.

बाबासाहेबांच्या बाबतीतही हेच. निळा कोट, लाल टाय आणि हातात पुस्तक हे रूप पुतळ्यांनी घरोघरी पोहोचवले, आणि वडिलांचा जुना कोट खांद्यात आत घेऊन ते साधताही येते. प्रसंग १४ ऑक्टोबर १९५६चा असेल, नागपूरच्या धम्मदीक्षेचा, तर मात्र निळे चालणार नाही. त्या दिवशी बाबासाहेब पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट घालून आले होते, त्यांच्या पत्नी माईसाहेब पांढऱ्या साडीत होत्या आणि समोरचा जनसागरही पांढऱ्या कपड्यांत होता. गोंदिया-भंडाऱ्यातली कितीतरी घरे त्या दिवसाची आठवण सांगतात. पोशाख शिवण्याआधी घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला विचारावे. पुष्कळदा पहिला दस्तऐवज तिथेच मिळतो.

आता शिवाजी महाराज. महाराष्ट्रात सर्वांत जास्त शिवला जाणारा पोशाख त्यांचा, आणि सर्वांत कमी विचार करून शिवला जाणाराही त्यांचाच. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली महाराजांचे अस्सल चित्र लोकांपुढे आणले. तोवर भलत्याच एका माणसाचे चित्र शिवाजी म्हणून छापले जात होते. सतराव्या शतकातली महाराजांची चित्रे आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहेत. ती नीट पाहिली की डोळ्यांत भरतो तो जामा, कमरेचा नक्षीदार पटका आणि तुरा खोवलेले शिरोभूषण. छातीवर आडव्या सोनेरी लेसच्या रांगा नाहीत. चेन तर असणारच नाही. ती विसाव्या शतकातली.

कपडा बंद कसा होतो, ही पोशाखाच्या काळाची सगळ्यांत खात्रीची खूण. बटणाऐवजी बंद. मोगल काळात जाम्याचे बंद हिंदू डाव्या बगलेत बांधत आणि मुसलमान उजव्या, असा रिवाज होता. एवढी एक गोष्ट बरोबर साधली, तरी जाणकाराचे लक्ष जाते.

मावळ्यासाठी किंवा बालशिवाजीसाठी बाराबंदी शिवणे मुळीच अवघड नाही. छाती २५ इंच असलेल्या मुलाला ४४ इंच पन्ह्याचे दीड ते पावणेदोन मीटर सुती कापड पुरते. पाठ अखंड. पुढचे दोन भाग मात्र निम्म्याहून बरेच रुंद, कारण ते एकमेकांवर चढले पाहिजेत. इथे कंजुषी केली की पोशाख शर्टासारखा दिसू लागतो. बाह्या सरळ, खांद्याला गोलाई नाही. आणि बगलेत तीन इंचांचा चौकोनी तुकडा तिरका बसवायचा. जुन्या शिंप्यांची खरी हुशारी त्या तुकड्यात आहे. त्याच्यामुळे तलवार उगारली तरी अंगरखा वर ओढला जात नाही आणि बगल उसवत नाही. बंद करायचे तर दीड इंच रुंदीची पट्टी घ्या, दोन्ही कडा आत दुमडून पुन्हा मधोमध दुमडा आणि कडेने टीप मारा. आठ इंचांचा एक, असे बारा. म्हणजे अडीच मीटरभर पट्टी लागेल. घाईच्या वेळी बारा गाठी मारत बसणे शक्य नसते, तेव्हा आतल्या बाजूने वेल्क्रोचा तुकडा लावायला हरकत नाही. लघवीला पळणाऱ्या सात वर्षांच्या महाराजांची सोय पाहायलाच हवी.

दुर्गावतीकडे वळले की काम आणखी रंगते. जन्म १५२४, नर्रई नाल्याच्या लढाईत मृत्यू २४ जून १५६४. अबुल फजलने तिच्या शौर्याची नोंद केली आहे; हत्तीवर बसून ती लढली, बाण लागले तरी मागे हटली नाही. पण आज जी चित्रे दिसतात, ती सारी पुढच्या काळातल्या चित्रकारांनी कल्पनेने काढलेली. १९८८ साली दुर्गावती आणि अवंतीबाई या दोघींवर टपाल तिकिटे निघाली, त्यांवरूनही मुले पोशाख करतात. कल्पनेला इथे वाव आहे, तसे भानही हवे. त्या काळी लढाईत धातूच्या चिलखताबरोबर रुई भरून दाट शिवलेले जाड अंगरखेही वापरत. आणि हे काम तर प्रत्येक आजीच्या हातातले आहे! जुन्या सुती साडीच्या तीन-चार घड्या, मध्ये पातळ रुई, आणि गोधडीला घालतो तसा जवळजवळ ओळींचा धावदोरा. गडद निळा किंवा मातकट तांबडा दोरा घेतला तर त्या ओळी रंगमंचावरून उठून दिसतात. त्यावर पुठ्ठ्याचे, चंदेरी कागद डकवलेले चार-पाच पत्रे टाचले की छातीवरचे कवच होते. अंगाला मऊ, वजनाला हलके, आणि ऐन वेळी फाटत नाही.

राजा भोजाच्या पोशाखाला तर कात्रीही लागत नाही. अकराव्या शतकातला परमार राजा. त्या काळची शिल्पे पाहिली तर नेसूचे वस्त्र, खांद्यावर उत्तरीय आणि अंगभर दागिने दिसतात. मखमली शेरवानी आणि चुडीदार घातलेला भोज म्हणजे शतके ओलांडून आलेला पाहुणाच. त्याला चांगले काठाचे धोतर नेसवावे, कोशाचे उपरणे द्यावे. भंडारा-गोंदियात ऐनाच्या झाडांवर कोसा पाळण्याची आणि तो विणण्याची परंपरा आहे. आजोबांच्या पेटीत एखादे जुने उपरणे निघतेच. त्याचा मधासारखा पिवळसर रंग दिव्याच्या उजेडात जो खुलतो, तो कुठल्याही सॅटिनला येत नाही. मेहनत दागिन्यांवर घ्यावी: पुठ्ठा, सुतळी, सोनेरी रंग.

एक गोष्ट मात्र कडकपणे सांगायला हवी. स्नेहसंमेलनात ‘आदिवासी नृत्य’ म्हणून मुलांना पानांचे घागरे घालतात, अंगाला काळे फासतात, डोक्यात कोंबडीची पिसे खोवतात. हे थांबले पाहिजे. याच वर्गात गोंड, हलबा मुले बसलेली असतात आणि आपल्या आजीची ती टिंगल पाहत असतात. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेच्या यात्रेत एकदा जाऊन यावे. लाखो माणसे येतात, पिवळे ध्वज, पिवळे दुपट्टे, स्वच्छ धोतरे, घोट्याच्या वर नेसलेली लुगडी, चांदीचे दागिने. पाने कुणी गुंडाळलेली नसतात. बिरसा मुंडांचे रूप करायचे तर डोक्याला पागोटे, कमरेला धोतर आणि अंगावर घेतलेले साधे जाडे कापड एवढे पुरे. पंचवीस वर्षांच्या आत ज्याने इंग्रज सरकारला हादरवले आणि ९ जून १९०० रोजी जो रांचीच्या तुरुंगात मरण पावला, त्याला पिसांची गरज नाही.

कापडाबद्दल थोडे. पॉलिएस्टरचा शोध १९४१चा; रासायनिक रंगांची सुरुवात १८५६ची. त्याआधीच्या कुठल्याही माणसाच्या अंगावर आजचा झगझगीत गुलाबी किंवा पोपटी रंग असू शकत नाही. नीळ, मंजिष्ठा, हळद, आणि आपल्याकडे फाल्गुनात जंगलभर फुलणारा पळस, हे तेव्हाचे रंग. पळसाची सुकवलेली फुले उकळून तुरटीच्या पाण्यात भिजवलेले पांढरे सुती कापड त्यात बुडवले की केशरी-पिवळा रंग चढतो. सगळा पोशाख रंगवणे जमणार नाही, पण एक शेला जमेल. मुलाला सोबत घेऊन तो रंगवावा.

सावित्रीबाईंच्या पोशाखात शिवणे कमी आणि नेसवणे जास्त. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर. सात वर्षांच्या मुलीला ते पेलत नाही. आजीचे लुगडे कापू नये. वरची कड आत दुमडून मुलीच्या उंचीएवढी रुंदी ठेवावी, कच्चा धावदोरा घालावा, काष्ट्याच्या निऱ्या आधी इस्त्री करून टाचाव्यात. कार्यक्रम संपला की दोरा ओढला, लुगडे जसेच्या तसे. पदर दोन्ही खांद्यांवरून, चोळी कोपरापर्यंत, झगमग अजिबात नको. आणि खांद्याच्या पिशवीत एक घडी घातलेली साडी जरूर ठेवावी. शाळेच्या वाटेवर अंगावर शेण-चिखल फेकला जाई, म्हणून सावित्रीबाई दुसरे लुगडे जवळ बाळगत. मुलीने व्यासपीठावर ती साडी पिशवीतून नुसती बाहेर काढली, तरी प्रसंग उभा राहतो.

साधनांची चिंता करू नये. गावात वीज जाते-येते, पण पायाचे मशीन तिच्यावर अवलंबून नसते. यंत्रांबद्दल साशंक असलेल्या गांधीजींनी १९२४ साली शिलाई मशीनला अपवाद मानले होते. बायकोचे हातशिलाईचे कष्ट पाहून सिंगरने ते बनवले, अशी त्यांची समजूत होती. मशीन नसेलच, तर इथली निम्मी कामे सुईदोऱ्याने होतील. तासनतास वाया जातात ते मापाअभावी आणि शेवटच्या रात्रीच्या घाईने.

वाचायची इच्छा असेल त्यांच्यासाठी वाट मळलेली आहे. डॉ. मोतीचंद्र यांचे प्राचीन भारतीय वेशभूषेवरचे हिंदी पुस्तक आणि समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांचा १९५१चा भारतीय वेशभूषेवरचा इंग्रजी ग्रंथ मोठ्या ग्रंथालयांत मिळतो. इंग्लंडमध्ये जॅनेट अर्नॉल्ड यांनी संग्रहालयांतले जुने कपडे एकेक शिवण मोजून त्यांचे नमुने १९६०च्या दशकात छापले, आणि तिथल्या घरोघरच्या शिवणाऱ्यांना आधार मिळाला. मराठी पोशाखांचे तसे मोजमाप कुणीतरी हाती घ्यायला हवे. तोवर डोळ्यांनी पाहणे आपल्या हाती आहे: नागपूरचा अजब बंगला, १८६३चे मध्यवर्ती संग्रहालय, गोंदियाहून रेल्वेने अडीच-तीन तासांवर आहे. पुण्याला जाणे झाले तर राजा दिनकर केळकर संग्रहालयातली वस्त्रे पाहावीत. ते संग्रहालय केळकरांनी आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने उभे केले.

पुढच्या पानांत आधी मापे येतात, मग बाराबंदी, नऊवारी, चिलखत आणि शेवटी डोक्यावरचे प्रकार. कापड बेतताना बाजूच्या शिवणीत दोन्हीकडे दीड इंच माया आणि घेरात तीन इंच दुमड ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षी तोच पोशाख उसवून मोठा करता येतो किंवा चुलतभावाकडे जातो. वापर झाला की धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, कडुनिंबाची सुकी पाने घालून सुती कापडात गुंडाळावा. सोबत एक चिठ्ठी ठेवावी: पात्राचे नाव, प्रसंग, साल, मुलाची छाती-उंची, आणि पोशाखातली कुठली गोष्ट चित्रावरून घेतली, कुठली आपल्या मनाची आहे, ते.